शहराची चित्रे घेणार कोण? मनीषनगरातील चित्रकारांसाठी ग्राहकशोधाचे मार्गदर्शन

नागपूर, प्रतिनिधी

नागपूरच्या दक्षिण भागातील मनीषनगर आणि वर्धा मार्ग यांच्या मधून रेल्वेमार्ग जातो. फाटक पडले की दोन्ही बाजूंना लागणाऱ्या वाहनांच्या रांगा ही अनेक वर्षे या वसाहतीची ओळख होती. पुढे उड्डाणपूल आणि भुयारी मार्ग झाला. वर्धा मार्गावर मार्च २०१९ मध्ये मेट्रो धावू लागली आणि नोव्हेंबर २०२० मध्ये तिच्या खालचा ३.१४ किलोमीटर लांबीचा दुमजली उड्डाणपूल वाहतुकीस खुला झाला. सदनिकांच्या इमारती बेसा-बेलतरोडीच्या दिशेने पसरत गेल्या. चित्रकाराला विषय गच्चीवर उभे राहून मिळावा, असा हा परिसर आहे.

विषय मिळतो, चित्रही होते. मात्र ते घेणार कोण, या प्रश्नाशी अनेक तरुण चित्रकारांची गाडी अडते. नागपुरात शासकीय चित्रकला महाविद्यालय आहे. तेथून शिकून बाहेर पडणाऱ्यांपुढे मुंबई-पुण्याचा रस्ता, शाळेतील कलाशिक्षकाची नोकरी किंवा जाहिरात क्षेत्र असे मोजके पर्याय असतात. राहत्या शहरात चित्रांना नियमित ग्राहक मिळाला, तर चौथा पर्याय खुला होतो. तो न मिळाल्यास चित्रकाराचे नुकसान होतेच, शिवाय बदलत्या शहराची नोंद ठेवणारे हातही कमी होतात. त्यामुळे हा ग्राहक कसा ओळखावा, याचा पद्धतशीर विचार आवश्यक ठरतो.

शहरप्रेरित कला म्हणजे काय?

इमारती, रस्ते, बाजार, रेल्वे, गर्दी आणि त्यात वावरणारा माणूस यांतून जिला विषय मिळतो, ती शहरप्रेरित कला. तिचे स्थूलमानाने चार प्रकार पडतात. पहिला, ओळखीच्या स्थळांची चित्रे. नागपुरात झिरो माईल, सीताबर्डीचा किल्ला, दीक्षाभूमी, फुटाळा तलाव ही त्याची सहज सुचणारी उदाहरणे. दुसरा, नागरी जीवनाची चित्रे, म्हणजे पोह्याच्या ठेल्यावरील सकाळ किंवा मारबतीच्या मिरवणुकीतील गर्दी. तिसरा, शहराचे आकार व रेषा घेऊन केलेली अमूर्त चित्रे. चौथा, भिंतीवरील मोठी चित्रे अर्थात म्युरल.

या चारही प्रकारांचा ग्राहक एक नसतो. ‘कलाप्रेमी रसिक’ हे उत्तर ऐकायला बरे वाटते, पण त्याच्या आधारे कोणाच्या दारी जावे हे कळत नाही. शहराच्या चित्राचा ग्राहक शोधताना तीन प्रश्न उपयोगी पडतात. चित्रातील जागा कोणाच्या आठवणीतील आहे? ते कोणत्या भिंतीवर लागेल? आणि ते कोणत्या प्रसंगाने घेतले जाईल? आठवण, भिंत आणि प्रसंग यांपैकी किमान दोन गोष्टी जेथे जुळतात, तेथे विक्रीची शक्यता असते. केवळ चित्र आवडले म्हणून खरेदी करणारे फारच थोडे असतात.

आधीच्यांना ग्राहक कसा मिळाला?

महाराष्ट्रातील आधुनिक चित्रकलेच्या बाजारपेठेची एक सुरुवात चौकटींच्या दुकानातून झाली. केकू गांधी यांनी १९४१ मध्ये मुंबईत ‘केमोल्ड’ हा चित्रांच्या चौकटी बनविण्याचा व्यवसाय सुरू केला. तरुण चित्रकारांची कामे ते आपल्या दुकानात मांडू लागले आणि १९६३ मध्ये जहांगीर कलादालनाच्या इमारतीत त्यांनी ‘गॅलरी केमोल्ड’ उघडली. चौकट करून घेणारा माणूस भिंतीवर काही लावण्याच्या तयारीनेच आलेला असतो, हे यातील मर्म. त्या काळात मुंबईच्या नव्या चित्रकारांना पाठबळ देणाऱ्यांत युरोपातून आलेले वॉल्टर लँगहॅमर, रुडॉल्फ फॉन लायडन आणि इमॅन्युएल श्लेसिंगर ही मंडळी होती. संस्था म्हणून टाटा मूलभूत संशोधन संस्थेने डॉ. होमी भाभा यांच्या पुढाकाराने चित्रांचा मोठा संग्रह केला. म्हणजे आरंभीचा ग्राहकवर्ग अगदी लहान, पण नेमका होता.

महानगराच्या चित्रणासाठी सर्वपरिचित असलेले सुधीर पटवर्धन यांचा मार्ग निराळा. १९४९ मध्ये पुण्यात जन्मलेल्या पटवर्धनांनी ठाण्यात क्ष-किरणतज्ज्ञ म्हणून व्यवसाय केला आणि २००५ पर्यंत तो सुरू ठेवला. ‘इराणी रेस्टॉरंट’, ‘ट्रेन’, ‘लोअर परळ’ ही त्यांची चित्रे मुंबई-ठाण्याच्या श्रमिक व मध्यमवर्गीय जीवनातून आली. ज्यांचे चित्रण केले, त्यांना त्यात स्वतःची ओळख पटावी, ही त्यांची भूमिका राहिली. चित्रे संग्राहकांकडे आणि संग्रहालयांत जात असली, तरी सामान्य प्रेक्षकांपर्यंत कला पोहोचावी म्हणून २००८-०९ मध्ये त्यांनी ‘विस्तारणारी क्षितिजे’ हे समकालीन कलेचे फिरते प्रदर्शन महाराष्ट्रातील विविध शहरांत नेले. चित्र पाहणारा आणि चित्र विकत घेणारा या दोन वेगळ्या व्यक्ती असू शकतात आणि चित्रकाराला दोघांचाही विचार करावा लागतो, हे या उदाहरणावरून स्पष्ट होते.

गोव्याचे मारिओ मिरांडा (१९२६-२०११) यांच्या रेखाचित्रांनी तिसरी वाट दाखविली. मुंबईतील कुलाब्याच्या कॅफे मोंडेगारच्या भिंतींवर त्यांनी रेखाटलेले शहरजीवन ग्राहक चहा-नाश्ता घेता घेता पाहतात. गोव्यातील ‘मारिओ गॅलरी’त त्यांच्या चित्रांच्या छापील प्रतींबरोबर टाईल्स, कप अशा वस्तूही मिळतात. मूळ चित्र परवडत नाही अशा पर्यटकालाही त्यातून काही नेता येते. पुण्याचे जलरंगचित्रकार मिलिंद मुळीक यांची रस्त्यांची व वाड्यांची चित्रे रसिकांना परिचित आहेत. त्याचबरोबर त्यांच्या जलरंगविषयक पुस्तकांमुळे चित्रकला शिकणारा हौशी वर्गही त्यांच्याशी जोडला गेला. शिकणारा हादेखील ग्राहकच असतो.

भित्तिचित्रांचे अर्थकारण मात्र पूर्ण वेगळे आहे. मुंबईत चर्चगेट स्थानकाच्या इमारतीवर २०१४ मध्ये महात्मा गांधींचे भव्य चित्र साकारले; ससून डॉकवर २०१७ मध्ये कलाप्रकल्प झाला. या दोन्हींमागे ‘स्टार्ट इंडिया फाउंडेशन’ ही संस्था होती आणि तिच्या उपक्रमांना रंग बनविणाऱ्या कंपनीचे साहाय्य मिळत आले. येथे चित्र हजारो प्रवासी पाहतात, पण पैसे देणारा एकच असतो. म्युरल करणाऱ्याने रस्त्यावरच्या प्रवाशात ग्राहक शोधून उपयोग नाही. तो संस्था, कंपनी, शाळा किंवा व्यावसायिकाकडेच शोधावा लागतो.

मनीषनगर परिसरातील सहा गट

हेच तत्त्व मनीषनगर आणि आसपासच्या भागाला लावल्यास पुढील गट डोळ्यांसमोर येतात.

नव्या घरातील कुटुंब : मिहानमधील माहिती तंत्रज्ञान कंपन्या, एम्स आणि विमानतळ या परिसरापासून फार दूर नाहीत. तेथे काम करणाऱ्या तरुण कुटुंबांपैकी अनेकांचे मूळ गाव यवतमाळ, चंद्रपूर, गोंदिया, अमरावती असे असते. महाल किंवा इतवारी ही त्यांच्या बालपणाची जागा नव्हे. त्यांचे नागपूर मेट्रो, उड्डाणपूल आणि संध्याकाळच्या फुटाळ्यापासून सुरू होते. त्यांच्यासाठी प्रसंग असतो वास्तुशांतीचा आणि भिंत असते दिवाणखान्यातील सोफ्यामागची.

जुने नागपूरकर : महाल, इतवारी, धंतोलीतील वाडा किंवा जुने घर सोडून सदनिकेत आलेली कुटुंबे. या गटात आठवण सर्वांत प्रबळ असते. गल्ली, वाड्याचा दरवाजा, तान्ह्या पोळ्याचे लाकडी बैल, एम्प्रेस मिलचा भोंगा अशा गोष्टींवर ते तासभर बोलू शकतात. जमशेटजी टाटांनी १८७७ मध्ये सुरू केलेल्या या मिलच्या जागेवर आता मॉल उभा आहे. नागपूर-नागभीड नॅरोगेज गाडीही २०१९ मध्ये रुंदीकरणासाठी बंद झाली. जे डोळ्यांसमोरून गेले, त्याच्या चित्राला हा वर्ग दाद देतो. मात्र निवृत्तिवेतनावर घर चालत असल्यास मोठे मूळ चित्र घेताना हात आखडतो. अनेकदा पैसे देणारा त्यांचा मुलगा किंवा मुलगी असते, हे लक्षात ठेवावे.

बाहेरगावी गेलेले नागपूरकर : पुणे, बंगळूर, हैदराबाद किंवा परदेशात स्थायिक झालेल्यांना गावाची ओढ असते. ते दिवाळीत किंवा डिसेंबर-जानेवारीत येतात आणि परतताना सामानाचे वजन मोजतात. त्यांना काचेची चौकट नको असते. नळकांडीत गुंडाळून नेता येईल असा कॅनव्हास किंवा बॅगेत मावेल असे कागदावरील चित्र हवे असते. व्हीएनआयटी, लक्ष्मीनारायण तंत्रशास्त्र संस्था, शासकीय वैद्यकीय महाविद्यालय यांच्या माजी विद्यार्थ्यांचाही याच गटात समावेश होतो. आपल्या महाविद्यालयाच्या इमारतीचे चित्र हा त्यांच्यासाठी हमखास जिव्हाळ्याचा विषय.

रुग्णालये, कार्यालये, हॉटेले : धंतोली-रामदासपेठेतील रुग्णालये आणि वर्धा मार्गावरील हॉटेले यांना भिंती भरपूर असतात. येथे चित्र निवडणारा बहुधा इंटिरियर डिझायनर किंवा वास्तुविशारद असतो. मालक शेवटी होकार देतो. एकाच आकाराची आठ-दहा चित्रे, ठरलेली मुदत आणि पक्के बिल या त्यांच्या अपेक्षा. रुग्णालयाला गर्दीचे, कोंडीचे चित्र चालत नाही. तेथे तलाव, झाडांनी झाकलेला रस्ता अशी शांत दृश्ये रुचतात. खाद्यगृहाला मात्र गजबज हवी असते.

भेटवस्तू देणारे : सेवानिवृत्ती, निरोप समारंभ, पाहुण्यांचा सत्कार यांसाठी शाल-श्रीफळाबरोबर काहीतरी ‘नागपूरचे’ द्यावे, असे संस्थांना वाटत असते. लहान चौकटीतील प्रत, दिनदर्शिका, शुभेच्छापत्रांचा संच यांना येथे वाव आहे. नागपुरात मुख्यालय असलेल्या वेस्टर्न कोलफिल्ड्स, मॉईलसारख्या कंपन्या आणि हिवाळी अधिवेशनाच्या निमित्ताने येणारे पाहुणे यांचाही या संदर्भात विचार करता येईल.

संग्राहक : संख्येने सर्वांत कमी. त्यांना चित्रातील जागेपेक्षा चित्रकाराच्या कामातील सातत्य महत्त्वाचे वाटते. एकाच विषयावरील दहा-पंधरा चित्रांची मालिका, तिची नीट छायाचित्रे आणि तारीखवार नोंद असल्याशिवाय त्यांच्याकडे जाऊ नये. अमूर्त शैलीत काम करणाऱ्यांनी मात्र या गटाकडे आणि वास्तुविशारदांकडे अधिक लक्ष द्यावे.

विचारायचे काय आणि कोणाला?

गट कागदावर आखणे सोपे. ते खरे आहेत की नाहीत, हे प्रत्यक्ष बोलूनच कळते. त्यासाठी मोठ्या सर्वेक्षणाची गरज नाही. प्रत्येक गटातील पाच याप्रमाणे तीस जणांशी सविस्तर बोलले, तरी पुरेसा अंदाज येतो. ‘माझे चित्र आवडले का?’ हा प्रश्न टाळावा, कारण समोरचा माणूस संकोचाने ‘छान आहे’ असेच म्हणतो. त्याऐवजी पुढील प्रश्न विचारावेत :

- घरातील भिंतीवर शेवटची वस्तू कधी लावली? ती विकत घेतली की भेट मिळाली?
- तिला किती खर्च आला? घरात निवड कोणी केली?
- आता कोणती भिंत रिकामी आहे? ती का रिकामी राहिली?
- नागपूरची कोणती जागा पुन्हा पाहावीशी वाटते?

घडून गेलेल्या खरेदीची माहिती ही भविष्यातील इच्छेपेक्षा अधिक विश्वासार्ह असते. ज्याने आजवर भिंतीसाठी दोनशे रुपयांच्या दिनदर्शिकेपलीकडे काही घेतलेले नाही, तो पहिल्याच भेटीत वीस हजारांचे चित्र घेईल असे मानू नये. त्याला लहान प्रत द्यावी.

परिसरातील चौकटी बनविणाऱ्या कारागिराशी ओळख वाढवावी. कोणत्या आकाराच्या चौकटी अधिक जातात, देवादिकांच्या तसबिरींखेरीज लोक काय घेऊन येतात, हे त्याच्याइतके कोणालाही ठाऊक नसते. नव्या इमारतींची माहिती ‘महारेरा’च्या संकेतस्थळावर मिळते. नोंदणीकृत प्रकल्पातील सदनिकांची संख्या आणि ताबा देण्याची नियोजित तारीख तेथे पाहता येते. ताबा मिळाल्यानंतरचे काही महिने हा घरसजावटीच्या खरेदीचा काळ असतो.

प्रदर्शनातही निरीक्षण करावे. चितणवीस सेंटर किंवा दक्षिण मध्य क्षेत्र सांस्कृतिक केंद्रासारख्या सिव्हिल लाइन्समधील ठिकाणी येणारा प्रेक्षक आणि वसाहतीतील सभागृहात येणारा प्रेक्षक यांत फरक असतो. कोणत्या चित्रापुढे कोण थांबले, कोणी किंमत विचारली, कोण घरच्यांना घेऊन पुन्हा आले, याची वही ठेवावी. किंमत विचारून निघून गेलेल्यांची नोंद विक्रीइतकीच मोलाची असते. कोणाचा दूरध्वनी क्रमांक घ्यायचा असल्यास परवानगीने घ्यावा.

भिंत, हवामान आणि किंमत

दोन-तीन खोल्यांच्या सदनिकेत मोठे चित्र लावण्याजोगी भिंत बहुधा एकच असते. सोफ्यामागील चित्राची रुंदी सोफ्याच्या दोन तृतीयांशाच्या आसपास असावी, असा सजावटकारांचा सर्वसाधारण संकेत आहे. म्हणजे सहा फुटी सोफ्यावर चार फुटांचे चित्र शोभते. ते चार फुटांचे चित्र लिफ्टमध्ये मावते का, हेही पाहावे लागते. एवढे मोठे एक चित्र घेणे जमत नसेल, तर सोळा इंचांच्या तीन चित्रांचा संच हा पर्याय सुचवता येतो.

नागपूरच्या उन्हाळ्यात घरोघरी कूलर चालतात. त्यांच्या दमट हवेने कागद फुगतो आणि बुरशीचे डागही पडतात. त्यामुळे कूलरसमोरच्या भिंतीसाठी जलरंगातील चित्र देऊ नये. दिलेच तर काचेमागे, मागून नीट बंद करून द्यावे. ॲक्रिलिकचे काम अशा जागी अधिक टिकते. असा सल्ला देणारा चित्रकार ग्राहकाच्या कायम लक्षात राहतो.

किंमत ठरविताना साहित्य, चौकट, वाहतूक आणि लागलेले दिवस यांचा हिशेब आधी मांडावा. उदाहरणादाखल, साहित्य व चौकट मिळून तीन हजार रुपये आणि सहा दिवसांचे काम दररोज एक हजार रुपयांप्रमाणे धरल्यास नऊ हजारांखाली विकणे हा तोटाच होय. दालनाचा हिस्सा द्यायचा असल्यास तो यात मिळवावा. एकाच आकाराच्या चित्रांची किंमत घरी एक, दालनात एक असे करू नये; नागपूरसारख्या शहरात ग्राहक एकमेकांना ओळखतात. तीन पायऱ्या ठेवणे सोयीचे : शुभेच्छापत्रे व लहान प्रती, मर्यादित संख्येच्या स्वाक्षरीसह मोठ्या प्रती, आणि मूळ चित्र. पहिल्या पायरीवरचा ग्राहक काही वर्षांनी तिसऱ्या पायरीवर येऊ शकतो.

कायदा आणि कर : हे माहीत असावे

- कॉपीराईट कायदा, १९५७ नुसार वास्तूचे चित्र काढणे किंवा प्रसिद्ध करणे हा वास्तुविशारदाच्या स्वामित्वहक्काचा भंग ठरत नाही. दुसऱ्याच्या छायाचित्रावरून हुबेहूब चित्र काढायचे असल्यास मात्र छायाचित्रकाराची परवानगी घ्यावी.
- मूळ चित्र विकले म्हणून त्याच्या प्रती छापण्याचा हक्क आपोआप ग्राहकाकडे जात नाही. परंतु ग्राहकाने मोबदला देऊन मुद्दाम काढून घेतलेल्या चित्राचा पहिला हक्कदार, वेगळा करार नसल्यास, तो ग्राहक ठरू शकतो. हॉटेलसाठी केलेल्या चित्राच्या प्रती पुढे विकायच्या असल्यास तसे आधीच लेखी ठरवून घ्यावे.
- मूळ चित्राची दहा हजार रुपयांपेक्षा अधिक किमतीला फेरविक्री झाल्यास, हक्काचा पहिला धनी असलेल्या चित्रकाराला त्यात वाटा मिळण्याची तरतूद याच कायद्यात आहे. हा वाटा कमाल १० टक्के आहे.
- हाताने काढलेल्या चित्रांवरील जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून १२ टक्क्यांवरून ५ टक्के झाला. महाराष्ट्रात केवळ वस्तूंची, राज्यांतर्गत विक्री करणाऱ्यास वार्षिक उलाढाल ४० लाख रुपयांपर्यंत असताना सर्वसाधारणपणे नोंदणी सक्तीची नाही. परराज्यात किंवा ऑनलाईन विक्री करण्यापूर्वी करसल्लागाराला विचारावे.

ग्राहकाचे किती ऐकावे?

ग्राहक ओळखण्याच्या या खटाटोपात एक धोका आहे. पाच जणांनी झिरो माईल मागितला म्हणून चित्रकार आयुष्यभर झिरो माईलच रंगवीत बसला, तर त्याचे काम छापखान्यातील प्रतीसारखे होते आणि काही काळाने ग्राहकही कंटाळतो. नागपूर महापालिका क्षेत्राची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेनुसार सुमारे २४ लाख होती. एवढ्या मोठ्या शहरात पाहण्याजोग्या जागा आठ-दहाच असतील, असे मानण्याचे कारण नाही. मनीषनगरचे जुने रेल्वेफाटक कोणत्याही पर्यटन पुस्तिकेत नाही. पण त्या फाटकापाशी ज्यांच्या सकाळी गेल्या, त्यांना त्याचे चित्र दुसऱ्या कोणत्याही स्थळापेक्षा जवळचे वाटेल.

आकार, माध्यम, चौकट, किंमत आणि विक्रीची जागा या गोष्टी ग्राहकाला विचारून ठरवाव्यात. शहरात काय पाहायचे, हे चित्रकाराने स्वतः ठरवावे. दहा चित्रांपैकी सहा-सात ओळखीच्या ग्राहकवर्गासाठी आणि उरलेली अजून कोणी न मागितलेल्या जागांची, असे प्रमाण ठेवून सुरुवात करता येईल. पहिल्या वर्षाच्या नोंदवहीवरून ते बदलावे. गुढीपाडवा आणि अक्षय्य तृतीया हे गृहप्रवेशाचे मुहूर्त, दिवाळीतील खरेदी आणि डिसेंबरमधील पाहुण्यांची वर्दळ लक्षात घेतल्यास नागपूरच्या चित्रकाराला वर्षाचे वेळापत्रक आखता येते. मे महिन्यातील उन्हात प्रदर्शनाला कोणी फिरकत नाही. तो काळ नव्या चित्रांसाठी राखून ठेवावा.